मुहूर्ताचा माल

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत खंडेनवमीला लिफ्टलाही हार घालतात. वॉचमन सकाळी स्टुलावर चढून झेंडूची माळ दाराच्या चौकटीला बांधतो, बटणांना हळदकुंकू लावतो, आणि मग दिवसभर पोरं उगाच वरखाली करत बसतात. मी त्या दिवशी पाच मजले जिन्याने चढते. दर मजल्यावर गुडघे शिव्या देतात. सून दर वर्षी विचारते, "आई, अहो लिफ्ट चालू आहे ना?" आणि मी दर वर्षी तेच सांगते, तेवढाच व्यायाम. तिला वाटतं हा माझा काहीतरी उपासतापासातला नेम असावा. उजव्या हाताची दोन बोटं कशी गेली हे तिला माहीत आहे, म्हणजे 'कारखान्यात असताना' एवढं माहीत आहे. त्यापुढचं मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही. मला त्याची लाज वाटत होती आणि ती लाज नेमकी कुणाची होती हे ठरवण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलं.

तेव्हा आम्ही शिरवण्याला राहत होतो. गावातल्या एका घरमालकाने मागच्या अंगणात ओळीने खोल्या काढल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. मागे कारखान्यांचा पट्टा. वारा जिकडून येईल त्याप्रमाणे आमच्या घराचा वास बदलायचा. एका बाजूने आला की रसायनाचा आंबूस वास, डोळे चुरचुरायचे. दुसऱ्या बाजूने आला की भाजलेल्या बिस्किटांचा. तो आमचा कारखाना. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे रोलरच्या मशीनवर होते. साताऱ्याकडचं गाव सोडून ते आले तेव्हा नुसते हमाल होते, पोती वाहायचे. मशीनवर उभं राहायला त्यांना बरीच वर्षं लागली आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्या कपड्यांना डालड्याचा आणि व्हॅनिलाचा असा काही वास यायचा की गल्लीतली कुत्री दारापर्यंत सोबत करायची. आई त्यांना दारातच सदरा काढायला लावायची.

घरात बिस्किटांचा तुकडा कधी संपला नाही. मोडलेला माल कामगारांना स्वस्तात मिळायचा, त्याचा मोठा डबा फळीवर असायचा. चहात तुकडा, दुधात तुकडा, पाहुण्यांपुढे बशीत तुकडा. आई वैतागायची. "रोज रोज ग्वाड खाऊन तोंडाची चव गेली," म्हणत ती तव्यावर मिरच्या भाजायची, खलबत्त्यात ठेचा घालायची, आणि त्या ठसक्याने आम्ही सगळे खोकत बाहेर अंगणात यायचो. अण्णा अंगणात बसले की एका कानाने कारखाना ऐकायचे. सुट्टीच्या दिवशी, जेवताना, आंघोळीला बसताना. दुसऱ्या पाळीचा माणूस मशीनवर असला तरी यांचा कान तिकडेच. "रोलर चालू हाय," ते स्वतःशीच म्हणायचे आणि मग पुढचा घास घ्यायचे. माझी मशीन बंद पडत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की ते आमच्या घराण्याचं ब्रीद वाटावं.

अठरा पूर्ण झाल्यावर मीही त्याच कारखान्यात लागले. आधी पॅकिंगला, मग रोलरपाशी पुसायला. दोन पोलादी रोलर एकमेकांकडे फिरायचे, वरून कणकेचा गोळा पडायचा आणि खालून पातळ चादर निघायची. ती साच्याखालून जाऊन पट्ट्यावरून सरळ भट्टीत शिरायची. रोलरला कणकेच्या कण्या चिकटल्या की चादर फाटायची, म्हणून ओल्या फडक्याने ते पुसत राहावं लागे. बंद करून पुसलं तर पट्टा थांबणार, पट्टा थांबला की भट्टीतला माल करपणार. म्हणून मशीन चालूच ठेवायची आणि पुसायचं. मला हे विमलमावशीने शिकवलं. ती माझ्या आईच्या वयाची, पुसण्याचं काम तिच्याइतकी वर्षं कुणी केलेलं नव्हतं. "रोलर जिकडनं सुटतोय तिकडनं फडकं लावायचं," ती म्हणाली, "वडतोय तिकडनं न्हाई. एवढंच." बायका गप्पा मारत, हसत, घरच्या भानगडी सांगत पुसायच्या. मीही आठवडाभरात न बघता पुसू लागले. अण्णांची पोर आहे, हात हलका आहे, असं सगळे म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

त्या मशीनबरोबर एक जाळी आलेली होती. हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे बसवायची लोखंडी जाळी. पण जाळी असली की फडकं नीट लागत नाही, म्हणून ती कधीचीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर आम्ही फडकी वाळत घालायचो. खंडेनवमीला सगळा कारखाना धुऊन निघायचा, वर्षातून त्या एकाच सकाळी मशीन बंद असायची, आणि तेव्हा आम्ही त्या जाळीवरची फडकी काढून तिलाही धुवायचो, तिलाही पाच बोटं हळदकुंकवाची लावायचो आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचो. यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

पूजेची रीत ठरलेली होती. घरची माणसं नटूनथटून यायची. शेठ स्वतः मशीनला झेंडूची आणि आंब्याच्या पानांची माळ घालायचे, नारळ फोडायचे, आणि अण्णांकडे बघून मान हलवायचे. मग अण्णा हिरवं बटण दाबायचे. पहिली जी बिस्किटं भट्टीतून पलीकडे पडायची त्यांना मुहूर्ताचा माल म्हणत. तो आधी देवीच्या तसबिरीपुढे, मग सगळ्यांना प्रसाद. आणि तो माल बाहेर पडेपर्यंत मशीन थांबवायची नाही. काही झालं तरी नाही. मुहूर्ताला थांबलेली मशीन वर्षभर थांबत राहते, असं सगळे मानायचे, शेठपासून झाडूवाल्यापर्यंत. अण्णा तर सगळ्यांत जास्त.

त्या वर्षी मी आईची जांभळी इरकल नेसले होते. हातात आरतीचं ताट होतं म्हणून मी अगदी पुढे, रोलरपाशी उभी. नारळ फुटला, मशीन सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माळ जरा सैल बांधली गेली होती. मशीनच्या थरथरीने ती खाली उतरत गेली, तिचं टोक कणकेला टेकलं आणि रोलरने ते ओढायला सुरुवात केली. चादरीत झेंडूच्या पाकळ्या दिसू लागल्या. देवाची माळ चिरडली जातेय, मुहूर्ताचा माल नासतोय, एवढंच मला दिसलं. मी ताट खाली ठेवलं आणि हात घातला. रोज शेकडो वेळा जायचा तसाच तो गेला. फक्त या वेळी माळ ओढत्या बाजूला होती, आणि माळेचा दोरा माझ्या बोटांभोवती फिरला.

त्यानंतरचं बरंचसं मला आठवत नाही आणि आठवतं ते लिहिणार नाही. पण एक गोष्ट लख्ख आठवते. मी अण्णांकडे बघितलं. ते बटणांपाशीच होते, चार हातांवर. त्यांचा हात लाल बटणावर होता. बटणावर म्हणजे बटणाच्या वर, हवेत. आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. ते शेठकडे बघत होते.

एक श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग त्यांनी बटण दाबलं. विमलमावशीने मला मागून धरलं होतं, ती ओरडत होती, आणि अण्णा हाताने रोलर उलटा फिरवत होते. त्या एका श्वासात करंगळी गेली की शेजारचं बोट, की दोन्ही आधीच गेली होती, हे कुणी सांगू शकणार नाही. मी कधी विचारलं नाही. मला दवाखान्यात नेल्यावर रोलर धुतले गेले आणि दुसरा नारळ फोडून संध्याकाळी पुन्हा मुहूर्त केला, हे मला फार नंतर कळलं.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं. "चालत्या मशीनमध्ये हात कशाला घातलास गं?" ज्या बायका स्वतः रोज चालत्या मशीनला फडकं लावत होत्या त्यांनीही हेच विचारलं, आणि खरं सांगते, मलाही तो प्रश्न बरोबर वाटला. मी म्हणायचे, माझंच लक्ष नव्हतं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग ते इतकं सोपं झालं की कुणी विचारायच्या आत मीच सांगू लागले. अजूनही पेपरात कुठल्या कारखान्यात कुणाचा हात गेल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिल्यांदा येतं, लक्ष नसेल तिचं. मग मी पेपर घडी करून ठेवते आणि स्वतःचीच चीड येते.

मॅनेजर साहेब मोसंबी घेऊन घरी आले. भला माणूस होता, आवाज चढवून बोलणं त्याला माहीत नव्हतं. पलंगावर बसायला सांगितलं तर तो खालीच बसला. "तुमी टेन्शन घेऊ नका," तो अण्णांना म्हणाला. "दवाखान्याचं आपण बघतोय. फक्त बाहेरचं कुणी विचारायला आलं तर काय ते एकच सांगा. पोरीचं लक्ष नव्हतं. साडीचा पदर, ताट, गडबड... होतं असं." मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. अण्णांनी उत्तर द्यायला वेळ लावला, आणि त्या तेवढ्या वेळात मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. "व्हय साहेब," ते म्हणाले. "तिचंच ध्यान न्हवतं." आईने चहाबरोबर बशीत तुकडा ठेवला. मॅनेजरने एक उचलून खाल्ला.

ते वर्ष मी घरात काढलं. उजवा हात पदराखाली राहायचा, जणू काही मी चोरून आणलेली वस्तू तिथे दडवली आहे. पाण्याच्या नळावर गेले तर डाव्या हाताने हंडा उचलायचे. भाकरी थापताना पीठ त्या रिकाम्या जागेतून निसटायचं, एका बाजूला चीर जायची, आणि आई ती चीर बोटाने बुजवायची. हळदीकुंकवाला बोलावणं आलं की माझं डोकं दुखायचं. स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आई लोकांना सांगायची, लहानपणी दारात बोटं चेंगरली. कारखान्यात गेली म्हटलं तर पोरगी अवदसा आहे असं म्हणतील, असं तिला वाटायचं. मी मान हलवायचे. आणि प्रसाद मी डाव्या हाताने घेऊ लागले. देवळातल्या गुरवाने एकदा हटकलं, तेव्हापासून देवळात जाणंच सोडलं.

पण सगळ्यांत वाईट होतं ते अण्णांचं. ते माझ्याशी बोलायचे, बाजारातून माझ्या आवडीची बोरं आणायचे, माझ्या ताटात आधी वाढायला लावायचे. फक्त त्या हाताकडे त्यांनी कधी बघितलं नाही. पट्टी बदलताना उठून अंगणात जायचे. आणि अंगणात बसून आता ते कारखाना ऐकत नसत. मी त्या श्वासाबद्दल कुणाला बोलले नव्हते. बोलले असते तर माझ्या बापाची लाज गेली असती, आणि न बोलता ती माझ्यापाशी साठत होती. आम्ही दोघं एकाच खोलीत, समोरासमोर जेवायला बसायचो आणि दोघंही ताटात बघायचो. त्यांना ठाऊक आहे का, की मी बघितलं? हा एकच प्रश्न मी वर्षभर मनात घोळवला.

दिवाळे गावाहून एक कोळीण यायची, हिराबाई. डोक्यावर पाटी, बोंबील आणि मांदेली, आणि आवाज असा की पहिल्या खोलीपाशी आली की शेवटच्या खोलीतलं मांजर उठून बसायचं. बऱ्याच दिवसांनी ती आली ती एका रविवारी. अण्णा दारात चहा पीत बसले होते. मी डाव्या हाताने भांडं पुढे केलं. "उजवा कं झायला गो तुजा?" तिने विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत पदर बाजूला करून हात आपल्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, मासळी बघावी तसा अगदी निवांत बघितला. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर कोयत्याचे किती वण होते. मी माझं पाठ केलेलं सांगितलं. माझंच लक्ष नव्हतं, मशीन चालू होती.

"मंग कोनी बंद नाय केली?" हिराबाई म्हणाली.

तिने ते सहज विचारलं. भाव विचारावा तसं. आई आतून म्हणाली, "बाई, तुमी मांदेली द्या." हिराबाईने मांदेली भांड्यात टाकली, वर दोन जास्तीची टाकली आणि पाटी उचलून गेली. अण्णांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता. ते उठून चपला घालून कुठेतरी गेले ते जेवायच्या वेळीही आले नाहीत. वर्षभरात एवढी माणसं घरी येऊन गेली, पण हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

पुढची खंडेनवमी आली. सकाळी अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. "पोरी, चल," ते म्हणाले. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. ते तिथेच उभे राहिले. आई म्हणाली, "आवो, ऱ्हाऊ द्या तिला." ते हलले नाहीत. शेवटी मी साडी बदलली. रस्ताभर ते माझ्या एक पाऊल पुढे होते आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

कारखाना धुऊन लख्ख होता. सगळ्यांनी माझं फार कौतुकाने स्वागत केलं आणि कुणीही माझ्या पदराकडे बघितलं नाही. जाळी भिंतीला टेकलेली होती, तिला ताजं हळदकुंकू. शेठनी माळ घातली. या वेळी नीट, घट्ट बांधली. नारळ फुटला. अण्णांनी हिरवं बटण दाबलं, कणिक खाली उतरली, चादर निघाली, पट्टा भट्टीकडे चालू लागला. माळ जागची हलली नाही. काहीच वावगं घडत नव्हतं. टाळ्या वाजल्या आणि विमलमावशी सवयीने फडकं घेऊन रोलरकडे निघाली.

अण्णांनी लाल बटण दाबलं.

रोलर थांबले. पट्टा थांबला. इतकी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. बाहेरच्या रस्त्यावरचा टेम्पो ऐकू आला. "अरे, काय झालं?" शेठनी विचारलं.

"काय न्हाई शेठ," अण्णा म्हणाले. "माळ काढतो."

"अरे मुहूर्ताचा माल आहे. आत्ताच कुठे..."

"पडंल की भाईर. माळ काढून पडंल."

मॅनेजर पुढे आला, हळूच म्हणाला, "भट्टीत माल आहे, करपेल." अण्णांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांची कानशिलं लाल झाली होती. त्यांनी माळ सोडली, नीट गुंडाळली आणि देवीच्या तसबिरीपुढे ठेवली. मग भिंतीपाशी जाऊन ती जाळी उचलली. हळदकुंकवासकट आणली आणि रोलरपुढे बसवायला लागले. बोल्ट गंजले होते, एकट्याने बसेनात. कुणी पुढे होईना. शेवटी विमलमावशीनेच हातातलं फडकं कमरेला खोचलं आणि दुसरी बाजू धरली. जाळी बसली. अण्णांनी पुन्हा हिरवं बटण दाबलं आणि मशीन पहिल्यासारखी सुरू झाली.

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. शेठचं तोंड उतरलं, मॅनेजरने भट्टीकडे धाव घेतली, आणि थोड्या वेळाने पलीकडून मुहूर्ताचा माल पडू लागला, जरा जास्त तांबूस. मी तिथे उभी होते आणि मला रडू येत होतं, ते दुःखाने नाही. एवढ्याशासाठी, असं मला वाटत होतं. हे इतकं सोपं होतं. ते वर्षभर, रोज, कुणीही करू शकलं असतं. आणि आम्ही कुणीही केलं नव्हतं, त्या जाळीला कुंकू लावणारी मीसुद्धा नाही. पुढे त्या जाळीचं काय झालं ते विचाराल तर, काही महिन्यांनी ती पुन्हा भिंतीला गेली, आणि अण्णांना परत पोत्यांवर टाकलं. पण ते नंतरचं.

प्रसाद वाटायला लागले तेव्हा अण्णा ताटलीतली दोन बिस्किटं घेऊन माझ्यापाशी आले. मी डावा हात पुढे केला. ते थांबून राहिले. बिस्किटं त्यांच्या चिमटीत तशीच, आणि आजूबाजूला सगळी माणसं. मी पदराखालून उजवा हात बाहेर काढला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा बघितलं, आणि नजर काढली नाही.

"मी थांबलो व्हतो, पोरी," ते म्हणाले. अगदी हळू. "शेठकडं बघितलं मी."

"मला म्हाईत हाय," मी म्हटलं. "मी तुमच्याकडंच बघत होते."

त्यांनी मान खाली घातली आणि बिस्किटं माझ्या तळव्यावर ठेवली. मग माझी तीन बोटं आपल्या हाताने त्यांच्यावर मिटवली, पडू नयेत म्हणून.